पैलतीरी गेलेला देव

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, असे आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेतील निबंधात आपल्यापैकी बहुतेकांनी ते वाक्य मोठ्या उत्साहाने लिहिलेही असेल. परंतु प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास घरातील वडीलधाऱ्यांनी 'काय पाहून आलास?' एवढाच साधा प्रश्न केला, तर उत्तर देताना त्याची कशी तारांबळ उडते, याचा अनुभव मला गेल्या मार्गशीर्षात आला. तो अनुभव, आणि त्यातून मनात उभा राहिलेला एक प्रश्न, देवस्थानच्या सभासद-कुटुंबांपुढे ठेवावा, या हेतूने हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे. मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण हायस्कुलापर्यंतचे. पुढे वडिलांच्या हाताखाली पूजाअर्चा शिकलो, तेवढेच. तेव्हा काही चुकले तर सुज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न असा आहे. आपल्या पूर्वजांचे जेथे सर्वस्व गेले, त्या स्थळी आज केवळ पाहुणा म्हणून जाणाऱ्याने कोणत्या भावनेने उभे राहावे? संतापाने, की जुन्या वास्तूंच्या कौतुकाने? की 'जे झाले ते झाले' असे म्हणून पाठ फिरवावी?

विवाहास वर्ष होत आले, तरी आम्हा उभयतांचे कोठे जाणे झाले नव्हते. पत्नीच्या माहेरचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर. तिचे पूर्वज फार मागे गोमंतकातून घाट चढून आले, असे तिच्या घरी परंपरेने सांगतात. तिची आजी प्रत्येक शुभकार्याच्या आरंभी नार्व्याच्या देवाचे नाव घेई. पण आजीने नार्वे कधी पाहिले नव्हते, आणि आजीच्या सासूनेही पाहिले नव्हते. म्हणून 'आपण एकदा देवाचे मूळ ठिकाण पाहून येऊ' असे पत्नीने म्हटले, तेव्हा मी तत्काळ होकार दिला. खरे सांगावयाचे तर माझ्या मनात देवदर्शनापेक्षा सहलीचीच हौस अधिक होती.

रामनगरहून अनमोडचा घाट उतरून आम्ही मोल्यास आलो व तेथून फोंड्याकडे निघालो. आपल्यापैकी अनेकांची ही नित्याची वाट आहे. परंतु त्या वाटेवर एक गोष्ट आपल्या क्वचितच ध्यानी येते. फोंडे महालातील जी मोठी देवस्थाने पाहून आपण प्रसन्न होतो, त्यांतील कित्येक देव मूळचे तेथले नव्हेत. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आला तो इ. स. १५६० मध्ये. श्रीमहालसा वेरण्याहून म्हार्दोळास आली, आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास. त्या काळी फोंडे पोर्तुगीज अंमलाबाहेर होते. सासष्टी, बारदेश व तिसवाडी येथील भाविकांनी आपापले देव रातोरात नदी ओलांडून त्या सुरक्षित भूमीत आणिले. आज ज्या सभामंडपांत आपण निश्चिंतपणे बसून आरती म्हणतो, ते एका परीने निर्वासित देवांचे मुक्काम होत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या गोव्यास पोहोचलो. मांडवीच्या काठी वसलेले हे शहर पूर्वी एला नावाने ओळखले जाई व विजापूरच्या आदिलशाहीचे ते भरभराटलेले बंदर होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्कने ते जिंकले, आणि पुढे पोर्तुगिजांच्या संपूर्ण पूर्वेकडील राज्याची ती राजधानी झाली. तेथील बॉम जेझू हे देवालय इ. स. १५९४ ते १६०५ या काळात बांधले गेले. त्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव चांदीच्या पेटीत ठेविलेले आहे. त्याच्या समोरच्या बाजूस से कॅथेड्रल हे विशाल चर्च असून त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारला गेला नाही. १९८६ साली युनेस्कोने येथील चर्चे व मठ जागतिक वारशात समाविष्ट केले. यात्रेकरू येतात, प्रवासी येतात, शाळांच्या सहली येतात. आम्हीही त्या गर्दीत मिसळून इकडे तिकडे पाहत होतो.

मला सर्वांत अधिक स्तब्ध केले ते सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठाने. १६०२ साली पूर्ण झालेल्या त्या प्रचंड चर्चच्या मनोऱ्याची उंची सुमारे ४६ मीटर होती. १८३५ साली पोर्तुगीज सरकारनेच धार्मिक संघ बंद केले आणि मठ ओस पडला; १८४२ मध्ये छताची कमान कोसळली; १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भागही पडला. आज जांभ्या दगडाचा एक उंच सुळका तेवढा आकाशात उभा आहे. त्याच अवशेषांत इराणमध्ये १६२४ साली मारल्या गेलेल्या जॉर्जिया देशाच्या केटेवान राणीच्या अस्थी सापडल्या, आणि २०२१ साली भारत सरकारने त्या देशाला त्यांतील काही अस्थी अर्पण केल्या. आपल्या राणीचा हाडाचा तुकडा परत मिळावा, यासाठी एक देश चारशे वर्षांनंतरही त्या ढिगाऱ्याकडे डोळे लावून होता. ज्याचे जे आहे ते त्याला सोडवत नाही, हेच खरे.

त्या शहराचा अंत कोणा शत्रूने केला नाही. वारंवारच्या साथींनी माणसे मेली, उरलेली पळाली. व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीस राहावयास गेला आणि १८४३ मध्ये राजधानीही अधिकृतपणे तिकडे गेली. ज्या नगरीच्या वैभवाच्या गोष्टी युरोपात सांगत, तिच्या रस्त्यांवर नारळीची झाडे उगवली.

हे सर्व पाहत असता पत्नी मात्र गप्प होती. आदिलशहाच्या वाड्याचा म्हणून एक काळ्या दगडाचा दरवाजा तेथे एकटाच उभा आहे. वाडा केव्हाच पाडला गेला. त्या दरवाजाच्या खांबांवरील कोरीव काम आपल्या देवळांच्या खांबांसारखे आहे. त्यावर हात ठेवून ती म्हणाली, "अहो, इथे सगळे लोक हसत फोटो काढताहेत. हे सगळे कोणाच्या दगडांवर उभे राहिले, हे यांना कोणी सांगत नाही का?" मी काहीतरी वेळ मारून नेणारे उत्तर दिले. पण तिच्या स्वरातील धार माझ्या ध्यानात आली.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून उताराने खाली गेले की मांडवीचा धक्का लागतो. तेथून फेरीबोट सुटते व थोड्याच वेळात समोरच्या दिवाडी बेटावर नेऊन सोडते. शहराचा गलबला नदीने जणू गाळून टाकावा, इतकी त्या बेटावर शांतता आहे. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाजण जमीन, त्यांत उभे असलेले बगळे, कौलारू घरे, घरांपुढे बसावयाचे सोपे, आणि मध्यभागी टेकडीवर पिएदाद गावचे चर्च. त्या चर्चजवळच्या दफनभूमीत एक छोटे प्रार्थनास्थळ आहे. त्याचे कोरीव दगडी छत कदंबकाळातील देवळाचे असल्याचे जाणकार सांगतात. दिवाडीचा गणपती खांडोळ्यास गेला, हेही त्या बेटावर सर्वांस ठाऊक असते.

बेटाच्या पलीकडच्या टोकास नार्वे नावाचा गाव आहे. श्रीसप्तकोटीश्वराचे मूळ स्थान ते हे. गोव्याच्या कदंब राजांचा हा आराध्य देव. त्यांच्या सुवर्णनाण्यांवर सप्तकोटीश्वराचे नाव कोरलेले आढळते. हे कदंब आपल्याला काही परके नव्हेत. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात देगाव येथे कमलनारायणाचे जे सुंदर मंदिर आहे, ते त्याच घराण्यातील कमलादेवी राणीने बाराव्या शतकात बांधविले. सप्तकोटीश्वराच्या स्थानावर पहिला आघात झाला तो पोर्तुगिजांचा नव्हे. चौदाव्या शतकात बहमनी सैन्याने ते मोडले, आणि त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने देवाची पुनःस्थापना केली. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगिजांनी ते पुन्हा उद्ध्वस्त केले. देवाचे लिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लाविले गेले, आणि भाविकांनी ते गुप्तपणे सोडवून नदीपलीकडे नेले, असे परंपरा सांगते.

आज त्या ठिकाणी कोटितीर्थ या नावाचे जुने तळे आहे आणि भोवती झाडी आहे. पत्नी तळ्याच्या काठी बराच वेळ उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते केवळ दुःखाचे नव्हते. "हे कोणी मोडले, त्यांना काहीच शिक्षा झाली नाही," असे ती म्हणाली. मला तिचे सांत्वन करता येईना. कारण तिचे म्हणणे खोटे आहे असे मला म्हणता येत नव्हते.

परतीच्या वाटेवर ऊन फार झाले. एका घराच्या सोप्यावर एक वृद्ध ख्रिस्ती बाई बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितले. त्यांनी आत जाऊन तांब्या आणला, बसावयास जागा दिली, आणि 'खंयचीं तुमी?' म्हणून चौकशी केली. आम्ही जोयड्याचे, घाटावरचे, आणि नार्व्यास देवाचे मूळ ठिकाण पाहावयास आलो, असे सांगितले. तेव्हा त्यांनी मान हलविली व नदीच्या दिशेने हात दाखवीत अगदी सहज म्हटले, "आमचो देव पलतडीं गेलो."

आमचा देव पैलतीरी गेला. 'तुमचा' नव्हे, 'आमचा'.

पत्नीने चमकून त्यांच्याकडे पाहिले. त्या बाईंच्या गळ्यात क्रूस होता, मागच्या भिंतीवर मेरीमातेचे चित्र होते, समोर तुळशीच्या वृंदावनासारखा एक पांढरा चौथरा होता व त्यावर क्रूस उभा होता. त्यांनी वाक्य उच्चारले ते कोणताही आविर्भाव न करता, घरातील कोणी परगावी राहावयास गेला असे सांगावे तसे. पुढे त्यांनी पावसाची आणि भाताची चौकशी केली, आणि "बाय, उदक आनीक जाय?" असे पत्नीस विचारले. पत्नीने आणखी पाणी घेतले व निघताना त्यांना वाकून नमस्कार केला.

नार्व्याच्या धक्क्यावरून दुसरी फेरीबोट पकडून आम्ही पलीकडे डिचोली महालात उतरलो. जेथे उतरलो त्या गावाचेही नाव नार्वे! देव गेला, तेव्हा गावाचे नावही त्याच्या पाठोपाठ नदी ओलांडून गेले. तेथे झाडीत, डोंगराच्या कुशीत, सप्तकोटीश्वराचे मंदिर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार आरंभिला. शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमीचा शिलालेख तेथे आहे. अलीकडे डागडुजी होऊन २०२३ साली ते मंदिर पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. गाभाऱ्यातील लिंगास उभ्या धारा आहेत. त्यास धारालिंग म्हणतात. पत्नीने अभिषेक केला, आजीच्या नावाने एक नारळ ठेविला, आणि आम्ही परत फिरलो.

घरी आलो तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारले, "काय पाहून आलात?" मी चर्चे, मनोरे, बेट, मंदिर असे सर्व सांगू लागलो. ते ऐकत राहिले. मी शेवटी म्हणालो, "बाबा, तिथे लोक हसत-खिदळत हिंडतात. आपल्या लोकांचे काय गेले, याची कोणाला जाणीवच नाही." त्यावर ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "लग्नानंतर सूनबाईला घेऊन तू पहिल्यांदा कुठे गेला होतास?"

मी गणेशगुडीस गेलो होतो. सुप्याचे धरण दाखवावयास. धरणाची ती उंच भिंत, मागे पसरलेले पाणी, सभोवारचे हिरवे डोंगर पाहून आम्ही दोघे हर्षित झालो होतो. पाण्याकडे पाठ करून आम्ही फोटो काढला होता व तो अजून आमच्या खोलीत भिंतीवर आहे.

तरुण वाचकांसाठी येथे थोडे सांगावयास हवे. काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपे नावाचे गाव होते. ते या तालुक्याचे मुख्य ठाणे होते; तालुक्याचे नावही सुपे हेच होते. काळी नदीवरील विद्युत् प्रकल्पासाठी १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, ते १९८७ च्या सुमारास पुरे झाले, आणि सुपे पाण्याखाली गेले. घरे, बाजार, देवळे, शेते सर्व गेली. ठाणे जोयड्यास आले, पुष्कळ कुटुंबे रामनगरास वसविली गेली. माझ्या आजोबांनी आमच्या देवळातील मूर्ती पंचाच्या पदरात गुंडाळून, डोक्यावर घेऊन आणली. वडील त्या वेळी वीस-बावीस वर्षांचे होते व समई हातात धरून मागून चालत होते. धरण झाल्यापासून ते एकदाही पाणी पाहावयास गेले नाहीत. हे मला ठाऊक होते. परंतु जाणून घेतलेले नव्हते. ठाऊक असणे व जाणणे या दोहोंत केवढे अंतर आहे, ते मला त्या क्षणी कळले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

प्रथम हे स्पष्ट म्हटले पाहिजे की, अन्याय हा अन्यायच होय. देवळे मोडणे, माणसांस बळाने धर्म सोडावयास लावणे, १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, धर्मन्यायालयाच्या धाकाखाली प्रजेस ठेवणे, या गोष्टी काळ लोटला म्हणून लहान होत नाहीत. समजूतदारपणाच्या नावाखाली त्या झाकून ठेवणे हा एक प्रकारचा असत्याचार होय, आणि असत्यावर उभारलेला स्नेह टिकत नसतो. माझ्या पत्नीचा राग खोटा नव्हता.

परंतु राग खरा असला तरी तो ठेवावा कोणावर? ज्यांनी ते केले, त्यांची नगरी समोरच पडलेली आहे. त्यांचा मनोरा कोणी न पाडता कोसळला. आपल्या शास्त्रांप्रमाणे कर्माचे फळ कर्त्यास भोगावे लागते. ते नातवाच्या पणतूच्या खात्यावर लिहिले जात नाही. आणि दिवाडीवर आज जे ख्रिस्ती लोक राहतात, ते तरी कोण? ज्या दिवशी देव पैलतीरी गेला, त्या दिवशी गावातील काहीजण त्याच्याबरोबर गेले व काहीजण मागे राहिले. का राहिले असतील? कोणाची आई अंथरुणावर असेल. कोणाच्या घरी तान्हे मूल असेल. कोणापाशी होडीस द्यावयास पैसे नसतील. कोणाचा जीव बापजाद्यांच्या शेताच्या तुकड्यात अडकला असेल. जे गेले त्यांनी देव राखला व भूमी गमावली. जे राहिले त्यांनी भूमी राखली व देव गमावला. दोघांच्याही वाट्यास अर्धेच आले. मग पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्या त्या वृद्ध बाईंकडे मोडणाऱ्याचा वारस म्हणून पाहावयाचे, की ज्यांचे मोडले त्यांचीच एक वारस म्हणून? त्यांच्या मुखातील 'आमचो' या शब्दाने याचे उत्तर दिलेले आहे.

आपल्या घराण्यांना, आम्ही धर्म राखला, असा अभिमान असतो व तो अयोग्यही नाही. परंतु जे मागे राहिले त्यांनी काय सोसले, याचा हिशेब आपण केलेला नसतो. निघून जाणाऱ्यास एक दुःख, राहणाऱ्यास दुसरे. कोणते मोठे, हे ठरविण्याचा अधिकार दोघांच्याही नातवंडांस नाही.

येथे कोणी म्हणेल, 'मग मागच्या अन्यायाचे पुढील पिढीवर काहीच ऋण नाही काय?' मला वाटते, आहे. अपराध वारशाने येत नाही, पण लाभ येतो; आणि लाभ आला की त्याबरोबर ऋणही येते. मी सुपे बुडविले नाही. पण माझ्या घरात दिवा लागतो, रात्री मी त्या उजेडात पोथी वाचतो, माझा हा लेखही त्याच उजेडात लिहिला गेला. त्या उजेडासाठी कोणाची तरी चूल विझली. ती माझ्याच आजोबांची होती म्हणून ऋण फिटत नाही. कारण त्यांच्यासारखी इतर शेकडो घरे होती, आणि धरणाची वीज ज्या दूरच्या नगरांत जाते, तेथील मनुष्यास सुपे हे नावही माहीत नसेल. जुन्या गोव्यात हसत फोटो काढणाऱ्यांस मी जो दोष देत होतो, तोच दोष माझ्या खोलीतील भिंतीवर चौकटीत टांगलेला होता.

तथापि या दोन ठिकाणांत एक भेदही आहे व तो विसरता कामा नये. दिवाडीवरील अन्यायाचे कर्ते व सोसणारे, दोघेही साडेचारशे वर्षांपूर्वीच गेले. तेथे आपले कर्तव्य एवढेच की, सत्य जाणावे, ते कमी करू नये व वाढवूही नये, आणि जे नेता येते ते पुढे नेत राहावे. सुप्याचे तसे नाही. ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी अंगणात पाणी चढताना पाहिले, ते वृद्ध अजून आपल्यांत आहेत. जेथे सोसणारा जिवंत आहे, तेथे नुसते स्मरण म्हणजे ऋणमुक्ती नव्हे. त्याची विचारपूस करणे, त्याचे अडलेले काम पाहणे, त्याचे गाऱ्हाणे कंटाळा न करता ऐकणे, हे तेथे कर्तव्य होते. मेलेल्यांसाठी अश्रू ढाळणारा आणि जिवंतांकडे पाठ फिरविणारा मनुष्य शोकाची केवळ हौस भागवीत असतो.

आता, कोणत्या भावनेने उभे राहावे? मला सुचलेले उत्तर असे आहे. ज्या भूमीवर आपण उभे आहोत ती कोणाच्या तरी हानीवर उभी आहे, हे जाणून उभे राहावे. एवढे जाणले की, रागातील विष आपोआप जाते. कारण मग आपणही कोठे ना कोठे ऋणको आहोत, हे दिसू लागते. आणि कौतुकातील उथळपणाही जातो. सहल आणि यात्रा यांतील भेद मला वाटते तो हाच. सहलीत आपण स्थळाकडून काही घेऊन येतो. यात्रेत आपण तेथे काही देणे लागतो, या भावनेने जातो. देऊळ असले म्हणजे यात्रा झाली आणि नसले म्हणजे सहल, असे नव्हे. देवळात जाऊनही मनुष्य सहलच करून येऊ शकतो, आणि जलाशयाच्या काठी उभे राहूनही यात्रा घडू शकते.

हे लिहिण्यास कारण झालेली शेवटची गोष्ट सांगून लेख पुरा करतो. पौषातील एका सकाळी वडील आपण होऊन म्हणाले, "चला, पाणी पाहून येऊ." आम्ही तिघे गेलो. जलाशय दिसू लागला त्या वळणावर त्यांनी वहाणा काढल्या. आम्हीही काढल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हाताने दाखवू लागले: इकडे संगम, तिकडे बाजाराची वाट, त्याच्या वरच्या अंगास देऊळ, देवळामागे आमचे घर, घराच्या मागे फणस. समोर पाण्याखेरीज काही नव्हते. पण पत्नी एकेक गोष्ट विचारीत होती आणि ते सांगत होते. फणस कापा होता की बरका, हेही तिने विचारले. वडील हसले, त्या विषयावर बोलताना ते हसलेले मी प्रथमच पाहिले. घरी आल्यावर तिने एका वहीत ते सर्व उतरून काढले. भिंतीवरील फोटो आम्ही काढला नाही. त्याखाली मात्र 'सुपे येथे' असे लिहिले.

देव पैलतीरी जातो तेव्हा तो आपल्या पायांनी जात नाही. कोणीतरी त्यास डोक्यावर घेऊन जावे लागते. आठवणींचेही तसेच आहे. म्हणून सभासद-कुटुंबांस नम्र विनंती की, ज्या घरांत सुप्याची, बुडालेल्या वाड्यांची, तेथल्या देवस्थानांची व उत्सवांची आठवण सांगणारे वडीलधारे आहेत, त्या घरांतील मुला-सुनांनी त्यांच्यापाशी बसून ती ऐकावी आणि लिहून ठेवावी. कोणाचे शेत कोठे होते, पालखी कोणत्या दारावरून जाई, आरतीस पहिला मान कोणाचा होता, हे सर्व लिहावे. तंटे झाले असतील तर तेही लिहावेत. सत्याला संकोच नसावा. वह्या देवळात आणून दिल्यास माझे वडील व मी त्या जपून ठेवू.

श्रीचरणी एवढीच प्रार्थना की, आपण जेथे जाऊ तेथे जाणत्या मनाने उभे राहण्याची बुद्धी सर्वांस लाभो.